दाखवायला पैसे नव्हते म्हणून

अमेरिकेतल्या युटा राज्यात, ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या तळ्याच्या काठी, सॉल्टेअर नावाचं एक अवाढव्य करमणूक केंद्र होतं. १८९३ मध्ये ते पहिल्यांदा उभं राहिलं, १९२५ मध्ये जळालं, पुन्हा बांधलं गेलं आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीस बंद पडलं. मागे उरले ते मूरिश धाटणीचे घुमट, एक भलंमोठं नृत्यगृह आणि पाणी मागे हटल्यामुळे उघडी पडलेली पांढरी, खारट जमीन. १९६१ च्या सुमारास कॅलिफोर्नियाहून मोटारीनं कॅन्ससला परतत असताना हर्क हार्वी यांना मावळतीच्या उजेडात ही ओसाड इमारत दिसली. कॅन्ससमधल्या लॉरेन्स या गावातल्या सेंट्रॉन कंपनीत हार्वी नोकरीला होते. कारखाने, शाळा आणि सरकारी खात्यांसाठी शिकवणीवजा छोटे चित्रपट काढणं हे त्यांचं रोजचं काम, आणि कारकिर्दीत असे शेकडो चित्रपट त्यांच्या हातून झाले. गावी पोहोचल्यावर त्यांनी सहकारी जॉन क्लिफर्ड यांना गळ घातली. शेवटी त्या नृत्यगृहात मेलेली माणसं नाचताना दिसली पाहिजेत, त्याआधीची गोष्ट काय वाटेल ती लिही, एवढीच त्यांची अट होती.

त्याच काळात हॉलिवूडचा ‘क्लिओपात्रा’ तीन कोटी डॉलरचा आकडा ओलांडत होता. हार्वी यांच्या हाती सुमारे ३३ हजार डॉलर होते, तेही गावातल्या ओळखीच्या लोकांकडून उभे केलेले. नोकरीतून रजा काढून तीन आठवड्यांत चित्रण उरकायचं होतं. भुतांच्या खास रंगभूषेचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून पांढराफटक चेहरा आणि डोळ्यांभोवती काळं एवढ्यावर भागवलं गेलं. मुख्य भुताची भूमिका हार्वी यांनी स्वतःच केली. १९६२ मध्ये आलेला हा ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ साठ वर्षांनंतरही पाहणाऱ्याची झोप उडवतो.

हे कसं साधतं, हा या प्रस्तावनेचा विषय आहे. कमी पैशांत कल्पकता फुलते, एवढं म्हणून तो सुटत नाही. कमी पैशांत काढलेले बहुतेक भयपट वाईटच असतात, हे या प्रकारावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण मानसशास्त्रीय भयपटाचं भांडवल वेगळं असतं. एका माणसाला काहीतरी दिसतं, बाकीच्यांना ते दिसत नाही. ते बाहेर आहे की त्याच्या डोक्यात आहे, याचा निकाल लागत नाही. राक्षस उभा करायला पैसे लागतात. शंका उभी करायला नेमकी जागा, नेमका आवाज आणि कॅमेऱ्याला खूप वेळ पुरून उरेल असा एक चेहरा असला तरी पुरतं. या तीन गोष्टी ज्यांना सापडल्या, त्यांचेच चित्रपट टिकले.

याचा पहिला मोठा धडा हार्वींच्या वीस वर्षं आधी हॉलिवूडच्या एका अडचणीत आलेल्या स्टुडिओनं दिला होता. ‘सिटिझन केन’ आणि ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’ या ऑर्सन वेल्सच्या चित्रपटांनंतर आरकेओ या स्टुडिओची आर्थिक घडी विस्कटली होती. झटपट पैसा हवा म्हणून १९४२ मध्ये कंपनीनं भयपटांचा एक स्वतंत्र विभाग काढला आणि तो व्हॅल ल्यूटन यांच्याकडे सोपवला. अटी कडक होत्या: प्रत्येक चित्रपट दीड लाख डॉलरच्या आत, लांबी सव्वा तासाच्या आत आणि नाव स्टुडिओ ठरवणार. पहिलं नाव हाती आलं ते ‘कॅट पीपल’. एखाद्या सामान्य निर्मात्यानं मांजराचा मुखवटा घातलेली बाई उभी केली असती. ल्यूटन आणि दिग्दर्शक जाक तूर्नर यांनी सर्बियाहून न्यूयॉर्कला आलेल्या इरिना नावाच्या तरुणीची गोष्ट सांगितली. वासना किंवा मत्सर अनावर झाला तर आपला बिबट्या होईल, अशी भीती तिच्या मनात घर करून आहे. तिचा नवरा आणि मानसोपचारतज्ज्ञ तिला समजावत राहतात. प्रेक्षकालाही बराच वेळ वाटत राहतं की बिचारी आजारी आहे.

यातला एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. रात्रीची वेळ. नवऱ्याची मैत्रीण ॲलिस सेंट्रल पार्कलगतच्या भिंतीकडेनं एकटी चालली आहे आणि काही अंतरावर मागून इरिना येते आहे. पार्श्वसंगीत नाही. टाचांचे दोन आवाज फक्त ऐकू येतात आणि पडद्यावर आळीपाळीनं दोघींची पावलं दिसतात. मग मागच्या टाचांचा आवाज थांबतो. ॲलिस थबकते, वळून पाहते, रस्ता रिकामा. ती एका दिव्याच्या उजेडातून दुसऱ्या दिव्याकडे धावू लागते, आणि अचानक डरकाळीसारखा एक फुत्कार कानावर आदळतो. तो असतो थांब्यावर येऊन उभ्या राहिलेल्या बसचा. संकलक मार्क रॉबसन यांनी घडवलेल्या या क्षणाला चित्रपटसृष्टीत आजही ‘ल्यूटन बस’ म्हणतात. त्याची नक्कल हजारदा झाली. नक्कल करणाऱ्यांनी बस उचलली, तिच्याआधीची ती लांबलचक शांतता मात्र बहुतेकांनी सोडून दिली. त्याच चित्रपटात ॲलिस अंधाऱ्या जलतरण तलावात एकटी सापडते, तेव्हा भिंतींवर एक सावली फिरते. ती आपण आपल्या मुठीनं पाडली होती, असं तूर्नर यांनी पुढे सांगितलं. स्टुडिओनं मात्र एका प्रसंगात खरा बिबट्या दाखवायला लावलाच. चित्रपटातली सर्वांत कमी भीती त्याच प्रसंगात वाटते.

हार्वी यांनी हीच वाट आणखी पुढे नेली. ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ची नायिका मेरी हेन्री चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. चित्रपटाच्या सुरुवातीलाच शर्यतीच्या नादात ती बसलेली मोटार पुलावरून नदीत कोसळते. शोध चालू असतो, तास उलटतात, आणि कुणालाही आशा उरलेली नसताना ती चिखलानं माखलेली पाण्यातून बाहेर येते. ती गाव सोडते, दुसऱ्या शहरात ऑर्गनवादकाची नोकरी धरते, भाड्याची खोली घेते. वाटेत मोटारीच्या काचेबाहेर तिला एक पांढरा चेहरा दिसतो. रेडिओची खुंटी कितीही फिरवली तरी ऑर्गनच ऐकू येतो. जीन मूर यांनी संपूर्ण पार्श्वसंगीत ऑर्गनवरच बांधलं आहे, त्यामुळे मेरी वाजवते तो सूर कुठला, चित्रपटाचा कुठला आणि तिच्या डोक्यातला कुठला, हे हळूहळू कळेनासं होतं. वाद्यवृंद परवडत नव्हता म्हणून एकच वाद्य घेतलं असेलही. पण त्या एका वाद्यानं नायिकेचा पेशा, तिची श्रद्धाहीनता आणि तिचा पिच्छा पुरवणारं जे काही आहे ते, सगळं एका दोरीत बांधलं.

आणि मग येतो कपड्यांच्या दुकानातला प्रसंग. मेरी एक पोशाख घालून पाहते. चित्र पाण्यासारखं थरथरतं आणि जगाचा आवाज बंद होतो. ती विक्रेतीशी बोलते, विक्रेती तिच्याकडे पाहत नाही. रस्त्यावर गर्दी आहे, वाहनं धावत आहेत, पण त्यांचा आवाज येत नाही. तिचा स्वतःचा आवाज आणि तिची पावलं तेवढी कानावर पडतात. ती लोकांना अडवू पाहते, कुणाला तिचं अस्तित्वच जाणवत नाही. शेवटी बागेत एका झाडाला टेकल्यावर पक्ष्याची किलबिल ऐकू येते आणि जग परत सुरू होतं. या प्रसंगात भूत नाही, रक्त नाही, अंधारही नाही. भर दुपार आहे. ध्वनिपट्टीवरून आवाज काढून टाकण्याला खर्च शून्य. पण गर्दीत असूनही आपण कुणाला दिसत नाही, ही भावना ज्यानं आयुष्यात एकदाही अनुभवली असेल, त्याला हा प्रसंग पांढऱ्या चेहऱ्याच्या माणसापेक्षा जास्त छळतो. कँडिस हिलिगॉस या अभिनेत्रीनं तो आरडाओरड न करता, गोंधळलेल्या संतापानं उभा केला आहे. मेरी प्रेमळ नाही, कुणाची मदत मागायला तिला आवडत नाही. चित्रपट तिला गोंडस करत नाही, हे त्याचं मोठेपण.

हार्वी यांच्या पदरात मात्र काही पडलं नाही. वितरणाचा बोजवारा उडाला, पैसे अडकले आणि त्यांनी पुन्हा पूर्ण लांबीचा कथापट कधीच काढला नाही. ते आपल्या नोकरीत परत गेले. चित्रपट मात्र रात्री उशिराच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणांतून पाझरत राहिला आणि १९८९ मध्ये चित्रपटगृहांत पुन्हा लागला. १९९६ मध्ये हार्वी गेले, तोवर त्यांच्या या एकुलत्या कथापटाला जगभर चाहते मिळाले होते.

मराठी वाचकाला न दाखवता घाबरवण्याची ही कला परकी वाटू नये. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांवर वाढलेल्या पिढ्यांना माहीत आहे की चाळीतल्या खोलीत किंवा एखाद्या जुन्या घरात, कंदिलाच्या उजेडात, नुसत्या सूचनेवर किती घाबरवता येतं. कागदावर राक्षस आणि रिकामी खुर्ची दोन्ही सारख्याच खर्चात येतात, तरीही जाणता लेखक पुष्कळदा खुर्चीच निवडतो. चित्रपटात हा संयम दुर्मीळ असतो, कारण दाखवण्याचा मोह मोठा. हिंदीत रामसे बंधूंनी १९७२ मध्ये महाबळेश्वरला मोजकी माणसं घेऊन ‘दो गज जमीन के नीचे’ काढला आणि कमी पैशांच्या भयपटाचं एक घराणंच सुरू केलं. त्यांच्या जिद्दीला तोड नाही. पण त्यांची वाट मुखवट्यांची आणि कबरीतून उठणाऱ्या प्रेतांची होती. शंकेला तिथे जागा नव्हती.

ती जागा १९९९ मध्ये रामगोपाल वर्मा यांच्या ‘कौन’नं केली. अनुराग कश्यप यांची पटकथा, एक बंगला, तीन माणसं, धो धो पाऊस आणि एकही गाणं नाही. गाण्यांशिवाय हिंदी चित्रपट चालवण्याचं धाडस यश चोप्रांनी १९६९ मध्ये, गुजराती नाटकावर बेतलेल्या ‘इत्तेफाक’मध्ये केलं होतं, पण तीन दशकांनंतरही ते धाडसच होतं. ऊर्मिला मातोंडकर यांनी रंगवलेल्या मुलीला चित्रपटभर नावच नाही. ती घरात एकटी आहे, टीव्हीवर एका खुनी माणसाची बातमी चालू आहे आणि दाराची बेल वाजते. बाहेर उभा असलेला माणूस कुणा मल्होत्रांचं घर विचारतो. मनोज बाजपेयी यांनी हा माणूस इतका चिकट, इतका गोडबोल्या आणि इतका किरकिरा केला आहे की तो निरुपद्रवी आहे की धोकादायक, हे ठरवता ठरवता जीव मेटाकुटीला येतो. मग सुशांत सिंग यांचं पात्र येतं, आपण पोलीस असल्याचं सांगतं आणि संशय तिघांत वाटला जातो. पार्श्वसंगीत जागोजागी गरजेपेक्षा मोठं आहे, हा दोष मान्य करायलाच हवा. तरीही दार उघडावं की नाही या एका प्रश्नावर एवढा वेळ ताण टिकवून धरणारा दुसरा हिंदी चित्रपट सहजी सापडणार नाही. एकट्या बाईच्या दाराशी आलेला अनोळखी पुरुष ही कल्पना नव्हे, रोजची गोष्ट आहे. चित्रपट त्या रोजच्या भीतीवर उभा राहतो आणि पुढे तिलाच उलटी करतो.

त्याच वर्षी अमेरिकेत ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’नं सगळी गणितं बदलली. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दोन तरुण दिग्दर्शकांनी ऑक्टोबर १९९७ मध्ये मेरीलँडच्या जंगलात तीन नटांना सोडलं. कॅमेरे नटांच्याच हाती होते. कुठे जायचं याच्या खुणा दिलेल्या, प्रत्येकाला वेगळ्या चिठ्ठ्या ठेवलेल्या, आणि दिवसागणिक खाणं कमी केलेलं. रात्री दिग्दर्शक आणि त्यांचे सहकारी तंबू गदागदा हलवत, मुलांचे आवाज वाजवत. आठ दिवसांत चित्रण संपलं. चित्रणाचा खर्च अगदी कमी होता. जानेवारी १९९९ च्या सनडान्स महोत्सवात वितरकानं तो सुमारे ११ लाख डॉलरना घेतला आणि जगभरात त्यानं जवळपास २५ कोटी डॉलर मिळवले. तिघं खरोखरच बेपत्ता झाली आहेत, अशी हवा आधीपासून तयार केली गेली होती, आणि पुष्कळांनी ती खरी मानली.

या यशाचं श्रेय जाहिरातीला देऊन मोकळं होण्याची पद्धत आहे. तसं करणं चित्रपटावर अन्याय करणारं ठरेल. सुरुवातीला गावातला एक माणूस कॅमेऱ्यासमोर जुनी हकिकत सांगतो: एक खुनी मुलांना घरी नेई आणि एकाला मारताना दुसऱ्याला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं करी. हे बोलणं इतकं सहज येतं की प्रेक्षक ते विसरून जातो. मग सव्वा तास जंगल, चकवा, भांडणं, काटक्यांच्या बाहुल्या. शेवटच्या क्षणी तळघरात तिघांपैकी हेदर हिच्या कॅमेऱ्याला तिचा साथीदार माइक दिसतो, कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून उभा. आणखी काहीच दाखवलं जात नाही. शेवट इथे सांगितला तरी त्याची धार कमी होत नाही, कारण तो धक्का पडद्यावर नाही, आठवणीत आहे. प्रेक्षकानं स्वतःच विसरलेलं वाक्य त्याच्या अंगावर येतं.

मात्र या कमी खर्चाचा एक हिशेब बराच काळ कुणी मांडला नाही. हेदर डोनाह्यू, जोशुआ लेनर्ड आणि मायकल विल्यम्स यांनी चित्रपटात स्वतःचीच नावं वापरली होती. हजारो प्रेक्षकांनी त्यांना मेलेलं समजलं. हेदरच्या आईकडे सांत्वनाची पत्रं येत होती. ज्या अभिनयावर चित्रपट तोलला गेला, त्याच अभिनयासाठी हेदरला त्या वर्षी सर्वांत वाईट अभिनेत्रीचा टिंगलखोर ‘गोल्डन रास्पबेरी’ पुरस्कार देण्यात आला. आणि एवढ्या कमाईनंतरही तिघांच्या वाट्याला अगदी थोडं आलं. २०२४ मध्ये त्यांनी हक्कधारक कंपनीकडे मागच्या आणि पुढच्या मोबदल्याची जाहीर मागणी केली. लहान बजेटच्या चित्रपटाचं कौतुक करताना हे बजेट नेमकं कुणाच्या खिशातून वाचवलं गेलं, हे विचारलंच पाहिजे. भूक, थंडी, झोपमोड आणि स्वतःचं नाव या गोष्टी निर्मितीच्या वहीत लिहिल्या जात नाहीत.

ओरेन पेली यांनी २००६ मध्ये सॅन डिएगोतल्या स्वतःच्या घरात सुमारे १५ हजार डॉलरांत ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ चित्रित केला आणि तोही कोट्यवधी मिळवून गेला. त्यानंतर हलत्या कॅमेऱ्याच्या चित्रपटांची रांग लागली. त्यातल्या बहुतेकांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

मराठीत २०१७ साली आलेल्या विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’बद्दल मात्र लिहायला हवं. शहरातलं एक जोडपं कर्जाच्या तगाद्यापासून लपायला उसाच्या शेतांनी वेढलेल्या एका घरात येतं. बायको गरोदर आहे, दिवस भरत आलेले. घरातली म्हातारी तिची काळजी घेते आहे की तिच्यावर पाळत ठेवते आहे, हे कळत नाही. पूजा सावंत आणि उषा नाईक या दोघींवर सगळा चित्रपट उभा आहे, आणि उषा नाईक यांनी मायेच्या आवाजात मिसळलेली दहशत मराठी पडद्यावर क्वचितच ऐकायला मिळाली असेल. जागेची निवड तर अचूक. उंच वाढलेल्या उसात चार पावलं आत गेलं की बाहेरचं काही दिसत नाही, पात्याला पातं घासल्याचा आवाज सतत येत राहतो, आणि सगळ्या दिशा सारख्या दिसतात. त्यासाठी सेट उभारावा लागत नाही. पश्चिम महाराष्ट्रात तो दर हंगामात आपोआप उभा राहतो. भीतीचं मूळ चित्रपट मुलीचा जन्म नकोसा असलेल्या घरात शोधतो, म्हणून ती बाहेरून आणलेली वाटत नाही. फुरिया यांनीच पुढे २०२१ मध्ये हा चित्रपट हिंदीत ‘छोरी’ या नावानं पुन्हा केला. मूळ मराठी चित्रपट अधिक कोंदट आहे, आणि म्हणून अधिक चांगला.

या चित्रपटांशी नव्यानं ओळख करून घेणाऱ्यांनी ‘कॅट पीपल’पासून सुरुवात करावी, तो जेमतेम सव्वा तासाचा आहे. ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ प्रताधिकाराच्या बंधनात नसल्यानं विनामूल्य उपलब्ध आहे, पण नंतर रंग भरलेली प्रत टाळून मूळ कृष्णधवलच पाहावा, आणि शक्यतो हेडफोन लावून, कारण दुकानातल्या प्रसंगातली शांतता फोनच्या स्पीकरवर नुसती बिघाडासारखी वाटते. ‘ब्लेअर विच’ एका बैठकीत पाहावा. मधे थांबलं तर सुरुवातीची ती हकिकत आठवणीत राहत नाही. ‘कौन’चा शेवट मात्र पाहण्याआधी कुणाला विचारू नये, आणि पाहून झाल्यावर ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना सांगू नये.